मीठ, गंधक आणि चांदीचा खेकडा

अमेरिकेच्या रोड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स शहराला लागून नॅरगॅन्सेट नावाची खाडी आहे. तिथल्या गोरहॅम कंपनीने १८८५च्या सुमारास या खाडीच्याच नावाने चांदीचे चमचे-काटे काढले. त्यांचा दांडा पाहिला तर ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकाची आठवण होते. शंख, शिंपले, शेवाळ, बारके समुद्री जीव, सगळं एकमेकांना चिकटलेलं. धरायला हे कितपत सोयीचं असेल, शंकाच आहे!

इतका उठाव पत्रा ठोकून येत नाही, हे ओतकाम. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, पण रोजच्या वापराला ती फार मऊ. तिच्यात शेकडा साडेसात भाग तांबं घातलं की ती कडक होते, शिवाय वितळायला उष्णताही कमी लागते. हीच स्टर्लिंग चांदी. गोरहॅमने १८६८ मध्ये हे प्रमाण स्वीकारलं. कंपनीचा शिक्का म्हणजे सिंह, जहाजाचा नांगर आणि 'जी' हे अक्षर. नांगर हे रोड आयलंडचंही चिन्ह.

गंमत अशी, की समुद्राची ही चित्रं ज्या धातूवर उमटली, त्याला समुद्राचं मीठच सोसत नाही. दमट हवेत मिठातलं क्लोराइड चांदीतल्या तांब्याला आधी पोखरतं, हिरवट डाग पडतात, मग बारीक खड्डे. म्हणून त्या काळच्या मिठाच्या वाट्यांना आतून सोन्याचा मुलामा देत. सोन्यावर मिठाचा काही परिणाम होत नाही.

काळवंडण्याचं कारण मात्र वेगळं. हवेत हायड्रोजन सल्फाइडचा अंश असतो. अंडी, लोकर, रबर यांतूनही गंधकाची संयुगं सुटतात. त्यांच्याशी संयोग होऊन चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. थर पातळ असताना तो पिवळसर, मग तपकिरी, निळसर दिसतो आणि जाड झाला की काळा. कारागीर हाच काळेपणा मुद्दाम आणत. गंधकयुक्त द्रावण लावायचं, मग उंचवटे घासून उजळायचे. खाचांत काळं उरलं म्हणजे खेकड्याची नांगी उठून दिसते.

आपल्याकडे देव्हाऱ्यातली चांदी उजळायला ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी हा उपाय आता बऱ्याच घरांत ठाऊक आहे. त्यामागचं विज्ञान पक्कं आहे: ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन देतं, सल्फाइडची पुन्हा चांदी होते, आणि घासण्यात झिजते तशी ती झिजत नाही. साध्या वाटीला उत्तम. नॅरगॅन्सेटचा चमचा त्यात बुडवला, तर कपाटात साचलेल्या काळेपणाबरोबर कारागिराने भरलेली सावलीही जाते आणि खेकडा सपाट, पांढराफटक दिसू लागतो. अशा वस्तूसाठी अगदी बारीक खडूची पूड पाण्यात कालवायची, कापसाच्या बोळ्याने उंचवट्यांवरून हलकेच फिरवायची. खाचांना हात लावायचा नाही.