क्वाड्रंटिड वर्षावाच्या नावाची पार्श्वभूमी

उल्कावर्षावाचे नाव बहुधा उद्गमबिंदूच्या, म्हणजे उल्का जिथून फाकताना दिसतात त्या जागेच्या, तारकासमूहावरून पडते. नोव्हेंबर १८३३ मध्ये उत्तर अमेरिकेवर उल्कांचा अक्षरशः पाऊस पडला, तेव्हा सगळ्या उल्का सिंह राशीतल्या एकाच भागातून फाकत असल्याचे निरीक्षकांना स्पष्ट दिसले आणि ही पद्धत पुढे रुळली. १८६२ च्या धूमकेतूची कक्षा ययाती वर्षावाशी जुळल्यावर काही वर्षावांना धूमकेतूंची नावेही मिळाली, पण ती फारशी टिकली नाहीत.

मराठवाड्यात ऑगस्टमधला ययाती वर्षाव बहुतेक ढगांत जातो, त्यामुळे इथल्या निरीक्षकाची भिस्त डिसेंबरच्या मिथुन आणि जानेवारीच्या क्वाड्रंटिड वर्षावांवर असते. रात्रीच्या विजेवर रब्बीला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला १४ डिसेंबरच्या सुमारास मध्यरात्रीनंतर मिथुन रास डोक्यावरच सापडते. जानेवारीतल्या नावाचा मात्र आकाशात पत्ताच नाही. भिंतीवर बसवलेल्या कोनमापक यंत्राच्या, म्हणजे क्वाड्रंटच्या, नावाने १७९५ मध्ये कल्पिलेला हा तारकासमूह १९२२ च्या ८८ समूहांच्या अधिकृत यादीतून वगळला गेला आणि त्याचा भाग मुख्यतः भूतप व कालेय या तारकासमूहांकडे गेला. वर्षावाचे नाव तेव्हा बदलायला हवे होते, असे मानणारे आजही आहेत. तरीही २००९ मध्ये ६४ वर्षावांची नावे पक्की झाली तेव्हा हे नाव कायम राहिले. भूतपाच्या नावाने जूनमध्ये वेगळा वर्षाव आधीच नोंदलेला होता आणि शतकभराच्या नोंदी जुन्याच नावाने होत्या. नोंदी सांभाळण्याच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे, पण नवख्या निरीक्षकावर तो अन्याय करतो, कारण नावाने दिशा सांगावी हा या पद्धतीचा मूळ हेतूच इथे हरवतो. ऑक्टोबरच्या वर्षावाला धूमकेतूऐवजी कालेयाचे नाव देता आले, मग इथेच जुन्या नावाचा एवढा आग्रह का, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळत नाही. धूमकेतूच्या नावाचा पर्यायही १९२२ मध्ये इथे नव्हता, कारण या वर्षावाशी जोडला जाणारा लघुग्रह २००३ मध्ये सापडला.

आपल्या पंचांगांमुळे स्वाती घरोघर ठाऊक आहे आणि ती भूतपातलीच आहे. तिच्या बऱ्याच उत्तरेला, सप्तर्षींच्या शेपटीपलीकडे हा उद्गमबिंदू असतो. जानेवारीच्या ३-४ तारखेला तो मध्यरात्र उलटल्यावर ईशान्येला उगवतो आणि पहाटेपर्यंत चांगला वर येतो. बहर मात्र काही तासांचाच असतो. तो आपल्याकडच्या दिवसा आला, तर त्या वर्षी मोजक्याच उल्का हाती लागतात.