कॅटॅटोनिया
कॅटॅटोनिया हा हालचाल, बोलणे आणि वर्तन यांत एकाच वेळी गंभीर बिघाड घडवणारा लक्षणसमूह आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल लुडविग काल्बाउम यांनी १८७४ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. पुढे एमिल क्रेपेलिन यांनी त्याचा समावेश ज्या आजारात केला, त्यालाच नंतर छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) हे नाव मिळाले; त्यामुळे कॅटॅटोनिया हा छिन्नमनस्कतेचाच प्रकार ही समजूत दीर्घकाळ टिकली आणि तिने निदानाचे बरेच नुकसान केले. प्रत्यक्षात तो तीव्र नैराश्य, उन्माद, स्वमग्नता, मेंदूचा दाह, चयापचयातील बिघाड अशा अनेक अवस्थांत आढळतो. बेंझोडायझेपिन गटातील (चिंता व निद्रानाशावरील शामक) औषधे अचानक बंद केल्यानेही तो उद्भवू शकतो.

रुग्ण तासन्‌तास एकाच स्थितीत राहतो, बोलत नाही, अन्नपाणी नाकारतो. तपासणाऱ्याने त्याचा हात उचलून सोडला, तर तो तसाच अधांतरी राहतो. ‘हात वर जाऊ देऊ नका’ असे बजावूनही बोटाच्या हलक्या स्पर्शाने तो वर जातो. काही रुग्ण समोरच्याचे शब्द किंवा हावभाव जसेच्या तसे करून दाखवतात. याउलट निर्हेतुक, न थांबणारी धावपळ हेही कॅटॅटोनियाचेच रूप असू शकते, आणि नेमके तेच अनेकदा नजरेतून सुटते. निश्चल रुग्ण बेशुद्ध असतोच असे नाही. बरे झाल्यावर अनेकजण त्या काळातील बोलणे आणि तीव्र भीती आठवून सांगतात, म्हणून त्याच्यासमोर बोलताना तो ऐकतो आहे असेच धरावे. डीएसएम-५ या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार १२ पैकी किमान ३ लक्षणे असल्यास निदान होते. रक्ततपासण्या, मेंदूचे चित्रण व विद्युतआलेख मूळ कारण शोधण्यासाठी लागतात.

पहिला उपचार लोराझेपाम, हे बेंझोडायझेपिन गटातीलच औषध. साधारणपणे १ ते २ मिलिग्रॅम देऊन थोड्याच वेळात पुन्हा तपासणी केली जाते. कित्येक दिवस मौन असलेला रुग्ण त्यानंतर बोलू लागल्याची उदाहरणे वैद्यकात नवी नाहीत. हे औषध मेंदूतील गाबा या शामक रसायनाचा परिणाम वाढवते. प्रतिसाद अपुरा असेल किंवा जीव धोक्यात असेल, तर भूल देऊन मेंदूला नियंत्रित विद्युतप्रवाह देण्याचा उपचार, म्हणजेच ईसीटी, अत्यंत परिणामकारक ठरतो. त्याबद्दलच्या भीतीपोटी तो लांबणीवर टाकणे रुग्णाला महागात पडू शकते. मनोविकारविरोधी औषधांनी, विशेषतः जुन्या पिढीतील, अवस्था बिघडू शकते. ताप, स्नायूंचा ताठरपणा आणि अस्थिर रक्तदाब ही घातक कॅटॅटोनियाची चिन्हे असून अशा रुग्णाला तातडीने अतिदक्षता विभागात हलवावे लागते.

सोबतची शुश्रूषाही तितकीच निर्णायक असते, कारण निश्चलतेमुळे पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसात पोहोचल्यास मृत्यू ओढवू शकतो. म्हणून गुठळ्या रोखणारे उपचार, अंथरुणात कूस बदलणे, शिरेतून द्रव आणि गरजेनुसार नळीवाटे अन्न देणे सुरू ठेवतात. लक्षणे ओसरल्यावर लोराझेपाम एकदम न थांबवता हळूहळू कमी करतात आणि मूळ आजाराचे उपचार चालू राहतात.