भाषेच्या नावाने मत मागणे आणि कायदा: सीमाभागाची पार्श्वभूमी

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला आणि तेव्हापासून इथल्या मराठी माणसाने आपले गाऱ्हाणे मतपेटीतूनही मांडले. ‘बेळगाव, कारवार, बिदर, भालकी, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा देऊन मत मागणे कायद्यात बसते का, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 123(3) ठरावीक आधारांवर मतांचे आवाहन करणे हे निवडणुकीतील भ्रष्ट आचरण ठरवते. 1961 च्या दुरुस्तीने त्यात धर्म, वंश, जात आणि जमात यांच्या जोडीला भाषा आली, शिवाय आवाहन ‘पद्धतशीर’ असल्याचे सिद्ध करण्याची अटही गेली. म्हणजे ‘मी मराठी आहे, म्हणून मला मत द्या’ असे उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी म्हटले, तर उच्च न्यायालयात 45 दिवसांच्या आत निवडणूक याचिका दाखल करून त्याची निवड रद्द करून घेता येते. भाषिक गटांत वैर पसरवणे तर कलम 125 खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरला.

तीनच वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीची मर्यादा आखून दिली. तो खटला झज्जर मतदारसंघातला, हिंदीच्या आंदोलनातून निवडून आलेल्या जगदेवसिंह सिद्धांती यांचा होता. आपली भाषा जतन करण्याचा जो हक्क राज्यघटनेचे कलम 29 देते, त्यात त्या भाषेसाठी चळवळ करण्याचाही हक्क येतो, आणि मतदाराला तसे वचन देणे हे भ्रष्ट आचरण नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. मराठी शाळा आणि मराठी कागदपत्रे मागणाऱ्या सीमाभागातील उमेदवाराला या निकालाएवढा भक्कम आधार दुसरा नाही. तो सभेत आवर्जून सांगितला गेला पाहिजे, असे मला वाटते.

बेळगावला खरी झळ मात्र वेगळ्याच तरतुदीची बसली. 1996 च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी, हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कार्यकर्त्यांनी मोठ्या संख्येने अर्ज भरले आणि रिंगणात 456 उमेदवार राहिले. आंध्र प्रदेशातील नलगोंडा (लोकसभा) आणि तमिळनाडूतील मोडाकुरिची (विधानसभा) येथेही निषेधासाठी असेच मोठ्या संख्येने अर्ज भरले गेले. त्याच वर्षी संसदेने लोकसभेची अनामत रक्कम 500 रुपयांवरून 10,000 रुपयांवर नेली आणि मान्यताप्राप्त पक्ष पाठीशी नसलेल्या उमेदवाराला एकाऐवजी दहा सूचक (त्याचे नाव सुचवणारे मतदार) बंधनकारक केले. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती रक्कम जप्त होते. खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला केवळ निषेध नोंदवण्यासाठी दहा हजार घालवणे परवडणारे नव्हते, आणि तो मार्ग बंद झाला.

2 जानेवारी 2017 रोजी अभिराम सिंह खटल्यात सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध तीन मतांनी कलम 123(3) ची व्याप्ती वाढवली. उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माचा, जातीचा किंवा भाषेचा आधार घेऊन केलेले आवाहनही त्यात येते, असा अर्थ बहुमताने लावला. त्यामुळे सीमाभागात भाषणाचे शब्द अधिक तोलून वापरावे लागतात: भाषेच्या हक्काची मागणी एका बाजूला आणि ‘तुम्ही मराठी आहात, म्हणून आम्हालाच मत द्या’ हे दुसऱ्या बाजूला. मूळ सीमावादावर महाराष्ट्राने 2004 साली घटनेच्या कलम 131 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा हा स्वतंत्र विषय आहे आणि प्रचारातले कोणतेही वाक्य त्याचा निकाल ठरवू शकत नाही.