पुण्याच्या पेठांमधील सार्वजनिक वाहतूक

पुणे शहराच्या जुन्या, मध्यवर्ती भागातील बस व मेट्रो सेवा आणि तिला जोडलेली पादचारी व्यवस्था. कसबा, बुधवार, नारायण, सदाशिव या पेठा मोटारी येण्यापूर्वीच वसल्या असल्याने रस्तारुंदीकरण म्हणजे येथे दाट वस्तीचीच पाडापाड ठरते. म्हणून आहे त्याच रस्त्यावरून वाहने नव्हे, तर माणसे अधिक नेणे, हाच शहाणपणाचा मार्ग उरतो.

महापालिका १९५० मध्ये स्थापन झाली आणि शहराची बससेवा पीएमटी (पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट) या नावाने तिच्याकडे आली. २००७ मध्ये पिंपरी-चिंचवडची सेवा तीत विलीन होऊन पीएमपीएमएल (पुणे महानगर परिवहन महामंडळ) अस्तित्वात आली. पेठांमधून शिवाजी रस्ता स्वारगेटकडे आणि बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडे एकेरी वाहतो. त्यामुळे शिवाजीनगरहून मंडईला येणारा प्रवासी एका रस्त्यावर उतरतो आणि परतीची बस दुसऱ्यावर धरतो. भाजीच्या दोन पिशव्या घेतलेल्या आजींना हे अंतर फुटपाथवर लावलेल्या दुचाकींमुळे मध्येच रस्त्यावर उतरून कापावे लागते, आणि थांब्यावर बस कडेला न लागता पुढे उभी राहिली, तर पहिली पायरीच त्यांच्या गुडघ्यांची परीक्षा पाहते. बसची संख्या मोजताना हे थोडके अंतर हिशेबात धरले जात नाही, ही या व्यवस्थेची खरी उणीव होय.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘पुण्यदशम’ सेवेत लहान बसमधून १० रुपयांत दिवसभर मध्यवर्ती भागात फिरता येऊ लागले. लहान बस आणि चढउतारागणिक वेगळे तिकीट नाही, ही जोडी पेठांच्या प्रकृतीला अगदी मानवणारी होती.

जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुला झाला आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानके थेट जुन्या वस्तीच्या पोटात आली. उद्‌वाहक (लिफ्ट) आणि दृष्टिहीनांसाठी जमिनीवर बसवलेल्या उठावाच्या पट्ट्या यांमुळे स्थानकाच्या आत चाकाची खुर्ची किंवा पांढरी काठी घेऊन वावरणे शक्य होते. बाहेर पडताच मात्र तुटक फुटपाथ सुरू होतो.

लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग २०२१ पासून ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी वाहनांसाठी बंद ठेवला जातो. त्या दिवशी ग्राहक दुकानांसमोरून रस्त्याच्या मधोमध निर्धास्त चालतात.