टेकड्यांवरील पक्षीनिरीक्षण (पुणे)

शहराच्या वस्तीत उरलेल्या झाडीच्या टेकड्यांवर, मुख्यतः स्थलांतराच्या हंगामात, पायी फिरून केले जाणारे पक्षीनिरीक्षण. पुण्यात वेताळ टेकडी, तळजाई आणि पाचगाव-पर्वतीचा डोंगर ही त्याची नेहमीची ठिकाणे. वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच असून शहरातला तो सर्वांत उंच भाग आहे.

या टेकड्या मूळच्या गवताळ, झुडपी. आता लागवडीच्या गिरिपुष्पाने (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाने) बराच भाग व्यापला असून तो बाहेरून हिरवागार दिसला, तरी आतून बहुधा सुनाच असतो. पक्षी भेटतात ते खैर-बोरीच्या कडेला आणि जुन्या दगडखाणीत साठलेल्या पाण्याजवळ.

सप्टेंबरपासून करडा धोबी, थिरथिरा, लिटकुरी आणि पर्णवटवट्ये हे हिवाळी पाहुणे उतरू लागतात. भोरड्या (गुलाबी मैना) मध्य आशियाकडून त्याही आधी येतात आणि पांगारा, काटेसावर फुलली की मधासाठी झाडावर झुंबड करतात. पर्णवटवट्या ओळखणे मात्र कसोटीचे काम. चिमणीहून लहान, हिरवट पक्षी. पंखावर एखादी फिकट रेघ, तीही पिसे झिजली की नाहीशी होते. म्हणून जाणकार आधी आवाज ऐकतात. नवख्याने स्थानिक पक्ष्यांचा मिश्र थवा गाठावा. चष्मेवाला, नाचण, निखार यांच्या संगतीने पाहुणेही किडे टिपत फिरतात, आणि दहा मिनिटे एका जागी थांबले की थवा आपणहून डोक्यावर येतो.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो: अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आणि पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला आठवडा. तेव्हा टेकड्यांवर गर्दी होते, पण हंगाम तेवढाच नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये हिवाळी पाहुणे परततात आणि मेच्या अखेरीस नवरंग येतो. दक्षिणेकडून विणीसाठी निघालेला हा पक्षी रात्री उडतो. दमून कधी इमारतींच्या आवारातही सापडतो. टेकडीवर तो पहाटे दोन सुरांची शीळ घालतो आणि पाचोळा उलटून गांडुळे, किडे शोधतो. त्याला फोटोसाठी ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून बोलावणे सरळसरळ चूक आहे; प्रवासात खर्चलेली ताकद त्याला खाऊनच भरून काढायची असते. पहिल्या पावसाबरोबर चातक हजर होतो.

वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता नेण्याच्या प्रस्तावाला नागरिकांनी अनेक वर्षे विरोध केला असून त्या लढ्यात पक्षीनिरीक्षकही सामील आहेत.