वाइल्ड ॲनिमल गेम्स आणि झूव्हेंचर: एक नाही, दोन शो आहेत हे

९०च्या दशकातल्या अमेरिकन मुलांच्या गेम शोजचा विषय निघाला की हा घोळ होतोच. "अरे तो नाही का, प्राण्यांचा गेम शो, सॅन डिएगोच्या झूमध्ये शूट झालेला, रायन सीक्रेस्ट होता बघ त्यात." ऐकायला एकदम बरोबर वाटतं, पण या एका वाक्यात दोन शोजची खिचडी झालीये.

सीक्रेस्टवाला शो म्हणजे वाइल्ड ॲनिमल गेम्स. फॅमिली चॅनलवर १९९५ मध्ये सुरू झाला. तेव्हा हा माणूस जेमतेम विशीत होता, ज्या गाण्याच्या स्पर्धेचा होस्ट म्हणून तो गाजला ती अमेरिकन आयडॉल यायला अजून सात वर्षं होती, त्यामुळे त्याला ओळखतंय कोण! आता तो एवढा मोठा झालाय की लोक त्या काळातला प्राण्यांचा कुठलाही शो उचलून त्याच्याच खात्यात टाकतात.

झूव्हेंचर आला १९९७ मध्ये, ॲनिमल प्लॅनेटवर. चॅनलच मुळात १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेलं, म्हणजे नवीन घरातला नवीन शो. होस्ट जे. डी. रॉथ. हा मात्र मुलांना आधीच माहितीतला, कारण १९८८ पासून फन हाउस हा मुलांचा गेम शो तोच करायचा.

होस्ट आणि चॅनल झालं, पण खरा गोंधळ जागेचा आहे. दोन्ही शो सॅन डिएगोचे, दोन्ही जागा एकाच संस्थेच्या, तरी जागा एक नाही. झूव्हेंचर झालं सॅन डिएगो झूमध्ये. हा झू शहरात, बाल्बोआ पार्कमध्ये, साधारण १०० एकरांत, आणि १९१६ पासूनचा. तिथे एक मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यासाठी आणलेले प्राणी मागे राहिले आणि त्यातून झू उभा राहिला. (मुलांच्या शोसाठी यापेक्षा भारी ओरिजिन स्टोरी कुठे मिळणार?) शिवाय १९९६ मध्ये चीनहून बाय युन आणि शी शी हे दोन पांडा तिथे आलेले, म्हणजे झूव्हेंचर आला तेव्हा झूमध्ये पांडा होते.

वाइल्ड ॲनिमल गेम्सचं शूटिंग मात्र सॅन डिएगो वाइल्ड ॲनिमल पार्कमध्ये. ते शहरापासून साधारण ५० किलोमीटर लांब, एस्कॉन्डिडोजवळ, १,८०० एकर! १९७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. कल्पनाच उलटी, म्हणजे झूमध्ये आपण चालत चालत एकेका प्राण्यासमोर थांबतो, इथे गेंडे, जिराफ, हरणं मोठमोठ्या मोकळ्या मैदानांत एकत्र चरतात आणि माणसं मोनोरेलमध्ये बसून लांबून बघत जायची. पिंजऱ्यात प्राणी नाही, आपणच, असं म्हटलं तरी चालेल.

आणि हे पार्क नुसतं फिरायला जायची जागा नव्हतं बरं का. कॅलिफोर्निया काँडॉर हे गिधाड पार संपत आलं होतं, जगात फक्त २७ उरलेले, तेव्हा १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षी पकडून इथेच आणला आणि पुढच्याच वर्षी इथे एक पिल्लू जन्मलं, बंदिवासातल्या जोडीचं पहिलंच. लॉस एंजेलिसच्या झूचाही त्या कामात वाटा होता, पण पार्कचं नाव त्यामुळे खूप झालं. मला तर वाटतं शोच्या नावात 'वाइल्ड ॲनिमल' आलं ते सरळ पार्कच्या नावावरूनच, आणि ओळखायची सोपी खूणही तीच. नावात 'झू' असेल तर झू आणि रॉथ, 'वाइल्ड ॲनिमल' असेल तर पार्क आणि सीक्रेस्ट.

फक्त नकाशावर वाइल्ड ॲनिमल पार्क शोधत बसू नका. २०१० पासून त्याचं नाव सॅन डिएगो झू सफारी पार्क आहे, म्हणजे नावात आता तिथेही 'झू' घुसलाय, घ्या!