गाळ उपसण्याआधी: सोलापूरच्या तलावांतील अवसादाच्या (साचलेल्या गाळाच्या) अभ्यासाची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात गाळाचा विषय निघतो तो बहुधा उन्हाळ्यात, उजनीची पातळी मृतसाठ्याखाली गेली म्हणजे, किंवा तलावातला गाळ शेतात नेण्यासाठी ट्रॅक्टरांची रांग लागली म्हणजे. एका हिशेबात तो पाण्याची जागा अडवतो, दुसऱ्यात तो फुकटचे खत ठरतो. अभ्यासकाला मात्र त्यात थरांचा क्रम दिसतो, आणि तो क्रम एकदा विस्कटला की उरलेल्या मातीतून फारसे काही वाचता येत नाही.

येथील मातीची मोजणी पाण्यात नव्हे, शेतात सुरू झाली. १९३३ पासून देशात कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी जी केंद्रे निघाली, त्यांत विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक यांच्याबरोबर सोलापूरही होते. पावसाचे पाणी उतारावरून जाताना किती माती नेते, हे येथे प्रत्यक्ष वाफे आखून मोजले गेले. ही वाहिलेली माती पुढे थांबते ती १८७१ मध्ये पूर्ण झालेल्या एकरुख तलावासारख्या, किंवा १९८० च्या उजनीसारख्या जलाशयात.

ती कशी थांबते, याचा नियम १८५१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी मांडला, तोही लंबकावर होणाऱ्या हवेच्या घर्षणाचा विचार करताना. कणाचा व्यास निम्मा झाला की त्याचा खाली बसण्याचा वेग एक चतुर्थांश होतो. म्हणून नदी जलाशयात शिरते तिथेच वाळू पडते आणि चिकणमाती थेट भिंतीपर्यंत तरंगत जाते. प्रयोगशाळेतही हाच नियम वापरतात. काळी माती सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट या कण सुटे करणाऱ्या क्षाराच्या द्रावणात फोडून एक लिटरच्या मोजनळीत हलवून ठेवली, की वाळू दहा सेंटिमीटर अंतर मिनिटाच्या आत उतरते. दोन मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या दोन हजारांशाच्या) कणाला, म्हणजे चिकणमातीच्या सर्वांत मोठ्या कणाला, तेवढ्याच अंतरासाठी २० अंश तापमानाच्या पाण्यात सुमारे आठ तास लागतात. ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीवरून पिपेटने नमुना ओढण्याची रीत १९२२ पासूनची आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात नळीतले पाणी सहज ३० अंशांवर जाते, त्याचा चिकटपणा घटतो आणि आठ तासांचे सहाच होतात. २० अंशांचे वेळेचे कोष्टक तसेच वापरले तर तोवर काही चिकणमाती खाली निघून गेलेली असते आणि तिचे प्रमाण कमी भरते. फोडणारे द्रावण टाळले तर चूक याहून मोठी, कारण आपल्या मातीचे कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात आणि त्या पोयट्यासारख्या लवकर बसतात.

नमुना घेणे हे त्याहून नाजूक काम आहे. जबड्यासारख्या यंत्राने तळाची मूठभर माती उचलता येते, पण त्यात थर मिसळतात. कालक्रम हवा असेल तर नळी सरळ खाली दाबून, वरचे तोंड हवाबंद करून गाळाचा अखंड स्तंभ बाहेर काढावा लागतो आणि त्याच्या सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या पाडाव्या लागतात. येथे काळ्या मातीचा स्वभाव आड येतो. उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ हात जाईल इतका भेगाळतो आणि पहिल्या पावसात वरची नवी माती त्या भेगांतून जुन्या थरांत उतरते.

वय ठरवण्यासाठी शिसे-२१० चा उपयोग होतो. खडकांतून निघणाऱ्या रेडॉन वायूपासून हवेत तयार होणारे हे किरणोत्सारी शिसे पावसाबरोबर पडून गाळात मुरते आणि दर २२ वर्षांनी निम्मे होते. साधारण शंभर ते दीडशे वर्षांपर्यंत ते भरवशाचे असते, म्हणजे एकरुखचा आरंभ या पद्धतीच्या अगदी काठावर येतो. तिथे तलावच मदतीला येतो: स्तंभात जिथे पूर्वीच्या जमिनीचा पोत संपून बारीक, एकसारखा गाळ लागतो, ती रेषा पाणी पहिल्यांदा साठले त्या सुमाराची. काठावर ही रेषा भेगांनी आणि उपशाने पुसली जाण्याची भीती अधिक असते. म्हणून नळी रोवायची ती भिंतीलगतच्या, अवर्षणातही पाणी न आटलेल्या खोल भागात.